आबाजींवर चार पानं

प्रश्न : आमचे आबाजी मागच्या कार्तिकात गेले. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरायची आहे, घरातलं सगळं खटलं गावात जमेल. तेव्हा वाचायला चार पानं लिही, असं काकांनी मला सांगितलं. पण 'कष्टाळू, प्रेमळ, कडक शिस्तीचे' यापुढे पेन सरकत नाही. त्यांचं वयही कोणी पंच्याऐंशी सांगतं, कोणी ब्याण्णव. काय करू?
— एक नात, दर्यापूर तालुका

उत्तर : बेटा, आधी वयाचं पाहू. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १ जुलै अशी तारीख निघाली तर तिच्यावर विसंबू नकोस. आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर अंदाजानं टाकत. मी स्वतः शाळेत अशी किती पानं पाहिली. तहसिलीत गावाचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही, असेल तर ते पाहा. त्यात पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच असतं, म्हणून पणजोबांच्या नावानं शोध. नाहीच मिळालं तर म्हाताऱ्यांना साल विचारू नकोस, प्रसंग विचार. तुकडोजी महाराज गेले तेव्हा, म्हणजे १९६८ला, आबाजींचं लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात तुझे बाबा केवढे होते?

आणि हे जरूर लिही : आबाजी जन्मले इंग्रजांच्या सीपी अँड बेरार प्रांतात, मग मध्य प्रदेशात राहिले, १९५६ला मुंबई राज्यात गेले, १९६०ला महाराष्ट्रात आले, आणि घराचा उंबरठा तोच.

आता 'कडक शिस्तीचे'. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तसेच होते. सातवीनंतर माझी शाळा बंद करायला निघाले होते. आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणून मी शिकले. ते गेल्यावर मीही तुझ्यासारखीच कोरा कागद घेऊन बसले होते. शेवटी आमच्या जुन्या सालदाराकडे गेले. तो म्हणाला, "बाई, मालक जितकं बैलासंग बोलत, तितकं मानसासंग नाई बोलले."

मग त्यानं पोळ्याच्या आदल्या सांजेचं सांगितलं. खांदमळणीला दादा गड्याच्या हाती वाटी देत नसत. हळद-लोणी स्वतः बैलाच्या खांद्याला चोळत, जू घासून कातडं निबर झालेल्या जागी जास्त वेळ, आणि कानाशी वाकून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका साली डवरणीत त्यांच्या हातून तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, लागून एका बैलाला जखम झाली होती. त्या सांजेला आवतन देताना त्यांना पुढचं बोलताच आलं नाही. आम्ही पोरं तेव्हा अंगणात खेळत होतो. दादांचा तो आवाज मी कधी ऐकला नाही.

मी दोन्ही लिहिलं, शाळेचंही आणि बैलाचंही. शाळेचं गाळ, असं भाऊ म्हणाला होता. मी गाळलं नाही, कारण ते गाळलं असतं तर ते दादा राहिले नसते, कोणाचेही वडील झाले असते.

तेव्हा तूही घरातल्यांपासून सुरुवात करू नकोस. आबाजींसोबत वावरात राबलेलं कोणी हयात असेल तर याच आठवड्यात जा. 'आबाजी कसे होते' असं विचारू नकोस. कपाशीच्या पहिल्या वेचणीला सीतादहीच्या पूजेचा दहीभात कोण नेत असे, तूर राखायला जागलीला आबाजी जात का, शिदोरीत काय असे, कोणत्या बैलाला कोणत्या नावानं हाक मारत, हे विचार. चहा पिऊन लगेच उठू नकोस.

आणि आखाजीला पानं वाचशील तेव्हा तो माणूसही पंगतीत हवा. निरोप पाठवू नकोस. त्याच्या घरी जाऊन तूच आवतन दे.