डब्यावर १५ टीबी लिहिलंय, मग टेप ५.४५ टीबीवरच का भरली?

बॅकअपची टेप खराब नाही आणि दुकानदाराने तुम्हाला फसवलेलंही नाही. विकत घेतली तेवढी टेप तुम्ही काठोकाठ भरली आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मात्र टेपच्या क्षमतेचा नसतो. तुमचा डेटा किती दाबला जाईल, म्हणजे कॉम्प्रेशनने किती आटेल, याचा तो कंपनीने बांधलेला अंदाज असतो, आणि कंपनीने तुमचा डेटा पाहिलेला नाही.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न दोन ओळींत मांडतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका संस्थेकडची जुनी मोडी बाडं तुम्ही स्कॅन केलीत, सगळं मिळून १४ टीबी. त्यात बहुतेक रंगीत टिफ फाईली (चित्रांचा एक प्रकार), कुठलंही कॉम्प्रेशन न लावता साठवलेल्या. शिवाय वाचकांना द्यायला जेपेग आणि पीडीएफ. ड्राइव्ह, म्हणजे टेपवर लिहिणारं यंत्र, एलटीओ-७ (एलटीओ हा बॅकअपच्या टेपांचा एक प्रकार, ७ ही त्याची पिढी). डब्यावर '१५ टीबी' पाहून विश्वस्तांना सांगून बसलात की एका टेपवर सगळं मावेल, आणि ५.४५ टीबी झाल्यावर सॉफ्टवेअर दुसरी टेप मागतंय. बॅकअपला पासवर्ड लावलाय. आता कुणीतरी सुचवलंय की सॉफ्टवेअरमधलंही कॉम्प्रेशन चालू करा, म्हणजे दोन्ही मिळून जमेल. ते जमणार नाही, पण का जमणार नाही ते समजलं तर पुढची खरेदी नीट होईल.

मी मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्याचा डेटा सांभाळतो. टेप हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी ५.४५चा उलगडा. एलटीओ-७ टेपची खरी, म्हणजे नेटिव्ह, क्षमता ६ टीबी. डब्यावर ती बारीक अक्षरात असते, शोधा. टेपवाले हजाराच्या पटीत मोजतात: ६ आणि पुढे बारा शून्यं, इतके बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं आणि त्यालाही टीबीच म्हणतं. ६ वर बारा शून्यांना १०२४च्या चौथ्या घाताने भागा, ५.४५७ येतं. तुमचा आकडा हाच. म्हणजे कॉम्प्रेशनचा फायदा शून्य, आणि वायाही काही गेलं नाही.

यातली दुसरी गोष्ट चांगली बातमी आहे. ड्राइव्ह लिहिता लिहिताच लिहिलेलं वाचून ताडून पाहतो आणि जो भाग नीट उमटला नसेल तो टेपवर पुढे पुन्हा लिहितो. टेपवर लिहिणारं-वाचणारं हेड मळलेलं असेल किंवा टेप झिजलेली असेल तर हे पुनर्लेखन वाढतं आणि टेप तिच्या नेटिव्ह आकड्याच्याही आधी संपते. तुमची तशी संपली नाही, त्या अर्थी ड्राइव्ह ठणठणीत आहे.

आणि हो, तुमचे १४ टीबीही विंडोजनेच मोजलेले आहेत ना? टेपच्या भाषेत ते १५.४ टीबी होतात. डब्यावरचं वचन शब्दशः खरं ठरलं असतं तरी एका टेपवर मावले नसते. विश्वस्तांना हे आधी सांगा, बाकीचं सांगणं सोपं जाईल.

आता १५ कुठून आले? ६ गुणिले अडीच. एलटीओची पहिली पिढी २००० साली आली, तेव्हा टेप १०० जीबीची आणि डब्यावर २००, म्हणजे दुप्पट धरायचे. २०१२च्या एलटीओ-६पासून अडीचपट धरू लागले. त्याला तांत्रिक कारण होतं. ड्राइव्हमधली चिप लेम्पेल आणि झिव यांनी १९७७मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या वंशातलीच पद्धत वापरते: नुकताच गेलेला डेटा लक्षात ठेवायचा, तीच बाइटांची माळ पुन्हा आली की ती न लिहिता 'इतकं मागे जा, इतके बाइट उचल' एवढीच खूण लिहायची. एलटीओ-५पर्यंत चिपची ही स्मृती १ केबीची होती, एलटीओ-६पासून १६ केबीची झाली. मागचं जास्त आठवतं, म्हणून जास्त दाबता येतं.

तुमच्या बाबतीत हे १६ केबी फार मजेदार जागी येऊन पडतात. ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरून, स्कॅन केलं तर एका आडव्या ओळीत २४८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ७४४० बाइट. चिपला मागच्या दोन ओळी दिसतात. ६०० डीपीआयला एक ओळ १४,८८० बाइटांची, म्हणजे जेमतेम एकच वरची ओळ नजरेत राहते. पान ए-४पेक्षा रुंद असेल, आणि बाडांत बरीच पानं असतात तशी, तर वरची ओळसुद्धा निसटली. जुन्या एलटीओ-५च्या १ केबीत तर ३००ची एक ओळही पूर्ण बसत नव्हती.

त्यात पुन्हा ओळ दिसली म्हणून जुळली असं नाही. आपल्या डोळ्याला कागदाचा पिवळसर रंग सलग दिसतो, पण स्कॅनरने नोंदवलेला आकडा शेजारच्या दोन पिक्सेलांत एक-दोनने हलतोच. कागदाचे तंतू, सेन्सरचा खरखराट, शंभर वर्षांची धूळ. या चिपला हुबेहूब तीच माळ लागते, 'जवळपास तशीच' चालत नाही. म्हणून रंगीत टिफ कॉम्प्रेशनशिवाय दिसल्या तरी त्या अडीचपट दबतील ही आशा सोडा. माझ्या मते दीडपट मिळाली तरी पेढे वाटा. हीच पानं शुद्ध काळ्या-पांढऱ्यात, एका पिक्सेलला एक बिट अशी असती तर अडीचचा आकडा मागे पडला असता, कारण कोरा कागद म्हणजे शून्यांची रांगच रांग. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्यांना अक्षरं लटकवत. फॅक्ससाठी बनलेल्या ग्रुप-४ या दाबण्याच्या पद्धतीला असली पानं मानवतात. पण टेपवर जागा हवी म्हणून मूळ प्रती काळ्या-पांढऱ्या करायचा विचारही करू नका. शाईचा रंग, शिक्का, पाण्याचा डाग, मागच्या पानावरून उमटलेली अक्षरं, उद्या कुणा अभ्यासकाला नेमकं तेच हवं असेल.

जेपेग आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात. व्हिडिओ, झिप, २००७नंतरच्या वर्ड-एक्सेल फाईली, सगळ्यांचं तेच. आटवून झालेली बासुंदी पुन्हा चुलीवर ठेवून काही मिळत नाही.

पण तुमच्याकडे जास्त भाग टिफचा आहे. थोडं तरी दबायला हवं होतं. अगदी शून्य का?

पासवर्ड. तुमच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड घेतला याचा अर्थ ते डेटा कूटबद्ध करून मग ड्राइव्हकडे देतंय. चांगलं कूटलेखन ओळखायची खूण हीच की त्यातून निघणारे बाइट पूर्णपणे यदृच्छ दिसतात, एकही माळ पुन्हा येत नाही. चिपच्या हाती काही लागत नाही. अडीचपट दबणारा डेटासुद्धा पासवर्ड लावून पाठवलात तर एकपटच राहील. क्रम उलटा हवा: आधी दाबा, मग कुलूप लावा. ड्राइव्हला हे जमतं. एलटीओ-४पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटांचं एईएस कूटलेखन असतं आणि तो दाबल्यानंतरच कुलूप लावतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर एन्क्रिप्शन'चा पर्याय असावा लागतो. तुमच्यात आहे का पाहा.

मी तुमच्या जागी असतो तर पासवर्ड काढूनच टाकला असता. बडोदा संस्थान १९४९मध्ये विलीन झालं. त्याआधीच्या कागदांत असं काय गुपित आहे? कुणाच्या तरी पणजोबांच्या इनामाचा तंटा निघेल फार तर. आणि तीस वर्षांनी तुमच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो पासवर्ड सापडला नाही तर ती टेप आणि कोरी टेप यांत काही फरक उरत नाही. देणगीदारांच्या याद्या, पगारपत्रकं वगैरे कुलपात ठेवायची असतील तर त्यांचं वेगळं बॅकअप करा.

ड्राइव्हचं कॉम्प्रेशन चालू आहे का हे एकदा तपासा. बहुधा असेलच, कारण एलटीओ ड्राइव्ह सुरू होतो तोच ते चालू ठेवून. सॉफ्टवेअरच्या ड्राइव्ह सेटिंगमध्ये 'हार्डवेअर कॉम्प्रेशन' अशी खूणचौकट असते. लिनक्सवर 'टेपइन्फो' कमांड चालवली की दिसतं. जेपेगसारख्या फाईली पुन्हा दाबताना फुगतील अशी भीती तुम्ही लिहिली आहे. ती नको. दाबण्याने आकार वाढतोय असं दिसलं की चिप तो भाग जसाच्या तसा पुढे सोडते आणि दबण्याजोगं काही आलं की पुन्हा कामाला लागते. चालूच राहू द्या.

सॉफ्टवेअरमधलं कॉम्प्रेशन मात्र लावू नका. एकदा दाबलेलं ड्राइव्ह पुन्हा दाबू शकत नाही, त्यामुळे 'दोन्ही मिळून' असं काही नसतं, जो आधी हात लावेल त्याचाच फायदा. सॉफ्टवेअरची पद्धत चिपपेक्षा थोडी सरस असू शकते, हे खरं. पण मग ती टेप उघडायला तेच सॉफ्टवेअर लागेल, आणि तुमचा संगणक दाबत बसल्याने ड्राइव्ह उपाशी राहील. हा उपाशीपणा जागेपेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो विचारलाच नाहीत.

एलटीओ-७ नेटिव्ह ३०० एमबी दर सेकंदाला लिहितो. त्या वेगाने पूर्ण टेप भरायला साडेपाच तास. डेटा जर दीडपट दबत असेल तर टेप त्याच वेगाने पळती ठेवायला तुम्हाला ४५० एमबी पुरवावे लागतात, कारण मोजणी दाबल्यानंतरची असते. यूएसबीच्या एका साध्या हार्डडिस्कवरून, त्यात लहान लहान जेपेगचा चुरा असेल तर, ८०ही मिळणं मुश्कील. मग तीच टेप एकवीस तास घेते. ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली तो थांबतो, टेप थोडी मागे घेतो, डेटा साठेपर्यंत वाट पाहतो, पुन्हा पळवतो. दारापलीकडून ऐकलं तरी कळतं: सलग घरघर येण्याऐवजी कण्हत-थांबत आवाज येतो. याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. एकेका बाडाच्या लहान फाईलींची एक टार फाईल बांधा, ती एसएसडीवर, म्हणजे साध्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर, ठेवा आणि तिथून टेपवर लिहा. टार फक्त बांधतं, दाबत नाही, त्यामुळे चिपचं काम शिल्लक राहतं.

नवीन टेपा मागवण्याआधी एक चाचणी करा. वेगवेगळ्या बाडांतली, स्वच्छ आणि डागाळलेली अशी मिसळ करून काही जीबी टिफ घ्या, आधी टार करा आणि सेव्हन-झिपमध्ये जीझिप प्रकार निवडून दाबा. जीझिपची स्मृती ३२ केबीची आणि तंत्रही एक पायरी पुढचं, त्यामुळे मिळालेला आकडा ड्राइव्हपेक्षा थोडा उदार असेल. ही तुमच्या डेटाची वरची मर्यादा समजा.

खरेदीचा हिशोब मात्र नेटिव्ह आकड्यानेच करा. १५.४ भागिले ६, म्हणजे तीन टेपा. दबलं तर तिसरीवर जागा उरेल, पुढच्या वर्षीचे स्कॅन तिथे जातील. आणि दोन प्रती, म्हणून सहा. दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवू नका. २०१९ आणि २०२४ला विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तळमजला नको, आणि पत्र्याखालचा माळाही नको. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आत आर्द्रता हवी, आणि बडोद्यात मे महिना एक नियम मोडतो, ऑगस्ट दुसरा.

मोठ्या टेपेचा मोह होत असेल तर एवढं पाहून ठेवा. एलटीओ-८ची टेप १२ टीबी, एलटीओ-९ची १८, आणि डब्यांवर अनुक्रमे ३० आणि ४५ छापलेले असतात. एलटीओ-८चा ड्राइव्ह तुमच्या आत्ताच्या एलटीओ-७ टेपा वाचतो आणि लिहितोही. एलटीओ-९चा ड्राइव्ह त्या वाचत नाही. तो घेतलात तर जुना ड्राइव्ह विकू नका, किंवा सगळं आधी नवीन टेपांवर उतरवून घ्या.