देवाने माणूस घडवला, मग पब्लिक कोणी घडवलं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीचा, वय ३४. आमच्या लोकलच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार पडतात, त्यात बेंजामिन डिझरायली हे नाव सारखं दिसतं. सोमवारी येतं 'जगातलं जवळजवळ सगळं मोठं काम तरुणांनीच केलंय' आणि शुक्रवारी त्याच माणसाचं 'तारुण्य म्हणजे घोडचूक, प्रौढपण म्हणजे झगडा आणि म्हातारपण म्हणजे हळहळ'. यातलं खरं कुठलं? आणि चौतिशीपर्यंत हातून काही मोठं झालं नसेल तर विषय संपला का?

अरे, दोन्ही वाक्यं त्याचीच आणि दोन्ही एकाच गप्पांमधली आहेत. डिझरायली इंग्लंडचा दोनदा पंतप्रधान झाला पण त्याच्याही आधीपासून तो कादंबऱ्या लिहायचा. १८४४ च्या त्याच्या एका कादंबरीत कॉलेजला जायच्या वयाचा एक मुलगा वादळात सापडतो आणि रानातल्या एका खानावळीत आडोशाला थांबतो, तिथे त्याला सिडोनिया नावाचा जग फिरून आलेला माणूस भेटतो आणि दोघं बोलत बसतात. सिडोनिया एकेक नाव घेत जातो, कोण बाविसाव्या वर्षी लढाई जिंकला, कोण पंचविसाव्या, आणि मग म्हणतो की बोलिंगब्रोक आणि पिट हे दोघं तर बाकीच्यांचं क्रिकेट सुटायच्या आधीच मंत्री झाले होते. शिवाजी पार्कात वाढलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. या यादीच्या आधीच येतं ते घोडचूक आणि हळहळवालं वाक्य, आणि लगेच हसत हसत तो हेही सांगतो की तारुण्य म्हणजेच प्रतिभा असं काही माझं म्हणणं नाही बरं का.

फॉरवर्ड करणाऱ्याने अलीकडचं पलीकडचं कापून टाकलं, म्हणून तुला ती दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतायत. मला विचारशील तर त्या गप्पांमधलं खरं रत्न वेगळंच आहे, ते कोणी पाठवत नाही. मुलगा विचारतो की एवढ्या अफाट लोकमतापुढे एकटा माणूस तो काय करणार, तर सिडोनिया म्हणतो, देवाने माणसाला आपल्या प्रतिमेत घडवलं, पण पब्लिक घडवतात वर्तमानपत्रं, खासदार, अबकारी अधिकारी आणि पुअर लॉ गार्डियन. हे पुअर लॉ गार्डियन म्हणजे गोरगरिबांना किती मदत द्यायची त्याचा हिशोब ठेवणारे पंच. माणूस एकेकटा असतो तेव्हा काय असतो आणि त्याचं पब्लिक झालं की काय होतं, हे मला तरी इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेलं आठवत नाही.

आता तुझ्या चौतिशीचं. हे लिहिणारा माणूस तेव्हा ३९ वर्षांचा होता आणि त्याला साधं मंत्रिपदही मिळालेलं नव्हतं, १८४१ मध्ये मागितलं होतं पण तेव्हाचे पंतप्रधान पील यांनी दिलं नाही. विशीत दक्षिण अमेरिकेतल्या खाणींच्या शेअर्समध्ये पैसा घालून तो बुडाला होता, ती देणी वर्षानुवर्षं फिटली नाहीत. चार निवडणुका हरला, १८३७ ला एकदाचा निवडून आला, तर ७ डिसेंबरच्या पहिल्याच भाषणात सभागृहाने आरडाओरडा करून त्याला बोलू दिलं नाही. खाली बसता बसता तो म्हणाला, आत्ता बसतो, पण एक वेळ अशी येईल की तुम्हाला माझं ऐकावं लागेल. सगळ्यात वरच्या खुर्चीत बसायला मात्र १८६८ उजाडलं. ६३ व्या वर्षी पंतप्रधान झाला तेव्हा म्हणाला, चढलो बाबा एकदाचा त्या ग्रीस लावलेल्या खांबाच्या टोकाला. तिकडच्या जत्रेत असा चरबी चोपडलेला खांब असायचा, वर बक्षीस, चढणारा घसरून खाली, आणि बघणारे हसतायत. लालबाग-परळच्या गोविंदा पथकातल्या पोराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि बघ, त्याच वर्षी डिसेंबरात तो सत्तेवरून खालीही आला, परत चढायला १८७४ पर्यंत थांबला. तुझी चौतिशी यात कुठे बसते ते बघ आणि कामाला लाग.

प्रश्न : मी अंधेरीला एका प्रायव्हेट कंपनीत आहे. आमच्यात एक जण बॉसला सतत मस्का मारतो आणि अप्रेझल त्याचंच भारी होतं. मला ते जमत नाही. मी चुकतेय का?

डिझरायलीचं याच्यावर प्रसिद्ध उत्तर आहे, मॅथ्यू अर्नोल्ड या कवीला तो म्हणाला होता की स्तुती सगळ्यांनाच आवडते आणि राजघराण्याची करायची झाली तर ती गवंड्याच्या थापीने लिंपावी. आणि राणी व्हिक्टोरियाच्या बाबतीत त्याने ती तशी लिंपलीही. पण नुसत्या मस्क्याने राणी त्याच्या बाजूला झाली असं मला वाटत नाही. १८६१ ला नवरा गेल्यावर ती लोकांत मिसळेनाशी झाली होती, आणि हा तिला संसदेत काय झालं, कोण काय बोललं, हे गोष्ट सांगावी तसं रंगवून लांबलचक पत्रांतून कळवायचा. तिने स्वतःच्या डायरीतले उतारे छापले तेव्हा 'आपण लेखक मंडळी' असं तो तिला म्हणायचा, असं सांगतात. थापी असली तरी समोरच्या माणसाकडे त्याचं पूर्ण लक्ष होतं. त्याचा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन हुशारीत कमी नव्हता, पण तो माझ्याशी जाहीर सभेत बोलल्यासारखा बोलतो अशी राणीची तक्रार होती असं म्हणतात.

तेव्हा तू चुकत नाहीयेस, मस्का मारू नकोस. पण बॉसने एखादं काम खरंच चांगलं केलं असेल तर ते नेमकं काय ते तोंडावर सांगायला लाजू नकोस, आणि स्वतःचं काम त्याच्या कानावर घालत जा, मेलवर लिहून घाल. गप्प राहिलं की आपलं काम आपोआप दिसतं असं मानणाऱ्या खूप मुली मी पाहिल्यात आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

प्रश्न : तुमच्या सदरात या माणसाचं कौतुक पूर्वीही वाचलं. याच पंतप्रधानाच्या काळात राणी आमची सम्राज्ञी झाली आणि इकडे दख्खनात माणसं अन्नावाचून मेली. त्याचे विनोद आम्ही काय म्हणून वाचायचे? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

काका, तुमचा राग रास्त आहे आणि हे लिहायलाच हवं होतं. राणीला सम्राज्ञी करणारा कायदा १८७६ चा, डिझरायलीनेच आणलेला. त्याने नेमलेला व्हाइसरॉय लिटन, तोही कवी. त्याने १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवला, तेव्हा आपल्याकडे, मद्रासकडे आणि म्हैसुरात दुष्काळ सुरू होता, आणि १८७८ पर्यंत त्यात ५० लाखांहून जास्त माणसं गेली. त्याच जानेवारीत सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरची मजुरी खाली आणली, पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर १ आणा. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली, पोटात अन्न नसताना संप केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या दिल्ली दरबारात खादीचे पांढरे कपडे घालून गेले आणि ब्रिटिश प्रजेला आहे तोच दर्जा हिंदी माणसाला द्या अशी मागणी करून आले. १८७८ ला देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर कायद्याचा बडगा आला तोही याच राजवटीत.

गरिबांच्या मदतीचे हिशोब मांडणाऱ्या पंचांना ज्याने एका वाक्यात ओळखलं, त्याच्याच राज्यात आपल्या मजुराचं धान्य असं तोलून दिलं गेलं. मला याचा फार त्रास होतो. समोर बसलेला माणूस त्याला आरपार दिसायचा, मग ती राणी असो, विरोधक असो नाहीतर स्वतः तो, पण सोलापूर-नगरचा मजूर त्याच्यासमोर कधी बसलाच नाही. म्हणून मी त्याला वाचते तेव्हा हा दुष्काळ बाजूला ठेवून वाचत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका, पण वाचा जरूर. सत्तेतली माणसं कशी वागतात हे सत्तेतल्याच माणसाकडून इतकं उघड क्वचित ऐकायला मिळतं.

प्रश्न : कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत 'असत्य तीन प्रकारचं : खोटं, धादांत खोटं आणि आकडेवारी' हे डिझरायलीचं म्हणून घेऊ का? (परळ)

नको. ते त्याच्या नावावर मार्क ट्वेनने खपवलं, तेही डिझरायली वारल्यावर पंचवीसेक वर्षांनी, आणि डिझरायलीच्या लिखाणात किंवा भाषणांत ते कुठेही सापडलेलं नाही. स्पर्धेत 'मार्क ट्वेनने लिहिल्याप्रमाणे' असं म्हण, परीक्षकांपैकी कोणी अडवणार नाही.