इंडेक्स फाइल भरली म्हणून लगेच मोठी डिस्क मागू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला, डिस्कवर ढीगभर जागा मोकळी आहे तरी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये एरर १३६ येतोय आणि तू आता मोठी डिस्क मागणारेस, तर जरा थांब. १३६ म्हणजे इंडेक्स फाइलमध्ये, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या सूचीच्या फाइलमध्ये, जागा उरली नाही, प्रत्यक्ष नोंदींची डेटा फाइल भरली असती तर १३५ आला असता. तुझं टेबल मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या स्टोरेज इंजिनमध्ये आहे, तिथे टेबल बनतानाच पॉइंटर (फाइलमधल्या जागेचा पत्ता) किती बाइटचा ते ठरतं आणि तेवढ्या बाइटमध्ये जिथपर्यंतचा पत्ता बसतो तिथे फाइल संपते, मग खाली डिस्क कितीही मोठी असू दे. मायआयसॅमचेक ही टेबल तपासायची कमांड -dv (डीव्ही) लावून चालव, मॅक्स कीफाइल लेंथ, म्हणजे इंडेक्स फाइलची कमाल मर्यादा दिसेल, ती एमवायआय फाइलच्या, म्हणजे त्याच इंडेक्स फाइलच्या साइजशी ताडून बघ.

मर्यादा वाढवता येते, अल्टर टेबल ही टेबलची रचना बदलायची कमांड चालवून मॅक्स रोज (MAX_ROWS, टेबलमधल्या जास्तीत जास्त ओळी) वाढवून द्यायचं. पण त्याआधी एवढा मोठा इंडेक्स लागतोच का ते बघ ना, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं! तुझ्या टेबलवर गाडी नंबरचा एक इंडेक्स आहे आणि गाडी नंबर अधिक वेळ असा दुसरा, मग पहिला कशाला, दुसऱ्याची डावी बाजू, म्हणजे त्यात पहिला येणारा गाडी नंबर, तेच काम करते, काढून टाक. पत्त्याच्या कॉलमवर अख्खा इंडेक्स टाकलाय तिथे पहिली २०-२५ अक्षरं पुरतात का ते काउंट डिस्टिंक्टने, म्हणजे वेगवेगळ्या किती नोंदी उरतात ते मोजून, तपास, फक्त सगळे पत्ते ‘पुणे’नेच सुरू होत असतील तर त्यातली सुरुवातीची अक्षरं फुकट जातील हे लक्षात ठेव.

इनोडीबी या दुसऱ्या स्टोरेज इंजिनवर जायचं म्हणतेस तर जरूर जा, मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून तेच डिफॉल्ट आहे. मात्र ३६ अक्षरांचा यूयूआयडी (आपोआप बनणारा लांबलचक वेगळा क्रमांक) प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची मुख्य ओळख, म्हणून ठेवू नकोस, कारण तिथे प्रत्येक सेकंडरी इंडेक्सच्या, म्हणजे बाकीच्या इंडेक्सच्या, प्रत्येक नोंदीत प्रायमरी की जाऊन बसते आणि मग सगळेच इंडेक्स फुगतात.

अल्टर टेबल रात्रीच कर, आधी बॅकअप घे. टेबलची दुसरी पूर्ण कॉपी बनते, तेवढी जागा हवी, आणि तोवर लिहिणं बंद राहतं हे हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांना आधीच कळव. चालू असताना प्रोसेसलिस्ट (सर्व्हरवर चाललेल्या कामांची यादी) बघ, ‘रिपेअर बाय सॉर्टिंग’, म्हणजे इंडेक्स सॉर्ट करून बनतोय असं दिसलं तर निवांत जेवून ये, ‘रिपेअर विथ कीकॅश’, म्हणजे एकेक नोंद घालून बनतोय असं दिसलं तर फार वेळ खाईल, तेव्हा थांबव, टेम्प डिरेक्टरीत (तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये) जागा आहे का आणि मायआयसॅम मॅक्स सॉर्ट फाइल साइज, म्हणजे सॉर्टिंगच्या तात्पुरत्या फाइलची मर्यादा, पुरेसा आहे का बघ, मग परत सुरू कर.