लग्नाला 3 वर्षं झाली, दिवस जात नाहीत, बाईमध्ये काय काय कारणं असू शकतात?

सगळ्यात जास्त दिसतं ते पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन बिघडल्याचा त्रास), पाळी 40-50 दिवसांनी येते, हनुवटीवर केस, वजन वाढतं, यात बीज दर महिन्याला फुटतच नाही, पण गोळ्यांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बिघडलं असेल तर रक्त तपासणीत कळतं. मग गर्भाशयाच्या नळ्या बंद असणं, आणि आपल्याकडे त्यामागे कधीकधी गर्भाशयाचा टीबी निघतो, खोकला वगैरे काहीच नसतो म्हणून शंकाही येत नाही. पाळीत अगदी लोळायला लावणारं दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असू शकतं, "सगळ्यांनाच दुखतं माय" म्हणून सोडू नका. वय 35 च्या पुढे असेल तर वर्षभर वाट बघायची नाही, 6 महिन्यांतच दाखवा.

आणि फक्त बाईचंच का विचारता भाऊ? आमच्या चोपड्याच्या वहिनीने दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, मनुदेवीला नवस झाला, दादाला कोणी तपासलंच नाही, शेवटी जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला त्याचाच रिपोर्ट मागितला तर शुक्राणू कमी. वीर्य तपासणी स्वस्त असते, 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता द्यायची, आधी ती करून घ्या.