चार महिने कानसच घासतोय, काढून घेऊ का?

देवगडजवळच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा दहावीनंतर आयटीआयला फिटर ट्रेडला गेला. चार महिने लोखंडाचा तुकडा कानशीने घासतोय, तळहाताला फोड आलेत. "मशीन कधी शिकवणार? त्यापेक्षा कॉमर्सला घालतो," असं ते लिहितात.

दादा, एवढ्यात काढू नका. नवख्याच्या हातात कानस झोके खाते. मग तुकडा मधे फुगतो, कडा पडतात. नुसत्या डोळ्यांना तो सपाटच वाटतो. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला की फट दिसते आणि पोराचं तोंड उतरतं. ती फट जाईपर्यंत घासायचं, दुसरा उपाय नाही.

याचा उपयोग तुमच्या बंदरावरच बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली. गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट यांना जोडणारं कपलिंग बसवताना मिस्त्री त्याच्या दोन तोंडांमध्ये फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवतो, वर, खाली, दोन्ही बाजूंना. एकीकडे पाती सैल आणि दुसरीकडे शिरतच नाही, तर इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे घालत बसायचं. इथे आळस केला की होडी भर समुद्रात थरथरते आणि शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी यायला लागतं. केसाएवढा फरक बोटांना कळणं त्या कानशीपासूनच सुरू होतं.

मला काळजी वेगळीच आहे. त्याला विचारा, "सरांनी काल काय चूक दाखवली?" "कड पडली", "माप कमी झालं" असं काही सांगितलं तर शिकवतायत. "काही नाही, सही केली" म्हणाला, तर प्राचार्यांना जाऊन भेटा. एका संस्थेत मी लेथच्या (लोखंड फिरवत कापायच्या मशीनच्या) प्लास्टिक कव्हरवर बोटभर धूळ बघितलीय. पोरांच्या जर्नलमध्ये मात्र टर्निंगचे, म्हणजे त्याच लेथवरचे, सगळे जॉब पूर्ण!

पुढची वाट बंद नाही. फिटरची दोन वर्षं झाली की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, किंवा अप्रेंटिसशिप करून स्टायपेंड मिळतो. कॉमर्स वाईट नाही, पण फोड आले म्हणून तिकडे जाऊ नये.

फोड बरे होतील. कानशीला लाकडी मूठ घट्ट बसलीय ना, तेवढं त्याला बघायला सांगा. मूठ निसटली तर टोक तळहातात घुसतं. आणि येत्या जूनमध्ये एखाद्या रविवारी त्याला बंदरावर न्या. कपलिंगचं काम चालू असेल तर मिस्त्रीला म्हणावं, फीलर गेज जरा ह्याच्या हातात द्या.