नऊ जणांची कादंबरी, एकाचा नकार

प्रश्न : आम्ही नऊ मित्रमैत्रिणींनी एकेक प्रकरण लिहून कादंबरी पुरी केली. लेखी काहीच ठरवलं नव्हतं. आता प्रकाशक मिळालाय, पण सहाव्या प्रकरणाचे लेखक परवानगी देत नाहीत. दुसरं प्रकरण लिहिणाऱ्या ताई वारल्या. सहावं प्रकरण बदलून पुस्तक काढता येईल का?

उत्तर : आठांचं बहुमत इथे उपयोगाचं नाही. आधी ही कादंबरी कायद्याच्या नजरेत कोणाची, ते पाहावं लागेल.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नसेल तरच ते संयुक्त लेखन. तुमची प्रकरणं सुटी असतील तर ज्याचं प्रकरण त्याचा हक्क, असं माझं मत आहे. पण सगळ्यांनी एकमेकांच्या मजकुरावर इतका हात फिरवला असेल की कोणतं वाक्य कोणाचं ते सांगता येत नाही, तर अख्खी कादंबरी सामाईक ठरू शकते आणि सहावं प्रकरण वगळूनही सुटका होत नाही. लेखणी कोणाच्या हातात होती एवढ्यावर हे ठरत नाही. मौलाना आझादांनी आपलं आत्मकथन उर्दूत सांगितलं, हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत लिहिलं. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांना प्रथमदर्शनी संयुक्त लेखक मानलं. म्हणून सगळे खर्डे, ईमेल, व्हॉट्सअॅपवरच्या चर्चा तारखांसकट जपून ठेवा.

प्रकरणं सुटी असतील, तरी सहाव्या प्रकरणाच्या लेखकांच्या मजकुरात काटछाट करून तो छापू नका. तो त्यांच्या हक्काचा भंग आहे. शिवाय लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या बदलांविरुद्ध कलम ५७ त्यांना वेगळं संरक्षण देतं. नव्या लेखकाकडून ते प्रकरण पूर्ण नव्याने लिहून घेता येईल. नुसत्या कल्पनेवर वा कथासूत्रावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र त्यांची वाक्यं, संवाद, प्रसंगांची बांधणी काहीही येता कामा नये. सातव्यापासून पुढेही त्यांचा मजकूर उचललेला नाही ना, ते ओळीओळीने तपासा.

त्याआधी त्यांना जाऊन भेटा. नावांचा क्रम किंवा न विचारता केलेली दुरुस्ती मनाला लागलेली असेल, तर ती अजूनही सुधारता येते. मला हाच मार्ग पसंत आहे.

ताईंचा हक्क त्यांच्याबरोबर संपला नाही. तो मृत्युपत्राप्रमाणे, ते नसल्यास कायदेशीर वारसांकडे जातो आणि लेखन हयातीत प्रकाशित झालेलं नसेल, तर ते पहिल्यांदा प्रकाशित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या.

प्रकाशकाच्या करारावर तोवर कोणीही सही करू नका. ‘सर्व हक्क आमचेच आहेत’ अशी हमी त्यात बहुधा असते, आणि ती खोटी ठरली तर भरपाई सही करणाऱ्याकडे मागितली जाते.