सकाळी हादरते, गॅरेजात गप्प: जुन्या हायब्रिडच्या मिसिंगबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझी २०१२ ची प्रियस सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. अधूनमधून सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू होताना गाडी पाच-दहा सेकंद जोरात हादरते, मग दिवसभर काही नाही. प्लग बदलले, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या, तरी तेच. आता गॅरेजवाले इंजेक्टर बदला म्हणतात. (दांडिया बाजार)

इंजेक्टर राहू द्या. आधी सांगा, कूलंट भरावं लागतं का? थंड गाडीची टाकी बघा आणि पातळीवर पेनाने खूण करा. पातळी महिन्याभरात खुणेखाली गेली आणि खाली फरशीवर डाग नसेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर.

होतं असं. इंजिन गरम असताना बंद केलं की कूलंटमधला दाब लगेच उतरत नाही. गॅस्केटला बारीक वाट मिळाली असेल तर रात्रभरात चमचाभर कूलंट एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी त्या सिलिंडरचा प्लग ओला, म्हणून मिसिंग, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. काही सेकंदांत ते जळून जातं आणि गाडी साळसूद होते. आदल्या दिवशी गाडी किती तापून उभी राहिली, किती तास उभी होती, यावर झिरपणं ठरतं. म्हणून रोज होत नाही.

तुमच्या १.८ लिटर इंजिनात याचं मूळ बऱ्याचदा ईजीआर कूलरमध्ये असतं. ईजीआर म्हणजे जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणं. तो थंड करून सोडला की सिलिंडरमधलं तापमान आटोक्यात राहतं. काजळीने कूलर तुंबला की ते बिघडतं, आणि गॅस्केट वर्षानुवर्षं जास्त ताप सोसत राहते. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या ईजीआरच्या बारीक वाटाही अशाच तुंबतात, आणि चारही सारख्या तुंबत नाहीत. लाखभर किलोमीटरनंतर हे दोन्ही एकदा उघडून साफ करायलाच हवं, असं माझं मत आहे. कंपनीच्या सर्व्हिसच्या यादीत ते असो वा नसो.

तपासणी अशी करून घ्या: संध्याकाळी कूलंटच्या सिस्टिमला पंपाने कॅपवर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब द्यायचा आणि तसंच रात्रभर ठेवायचं. सकाळी इंजिन सुरू न करता प्लग काढून आत कॅमेरा घालायचा. एक पिस्टन ओला किंवा धुतल्यासारखा लखलखीत आणि बाकीचे काळे दिसले, की निकाल लागला. कूलंटमध्ये जळलेला वायू मिसळत असेल तर निळ्या द्रवाचा रंग पालटतो, ती चाचणीही आहे, पण गळती बारीक असेल तर ती फसवते. निदान पक्कं झालं तर गाडी तशीच दामटू नका. सिलिंडरमध्ये कूलंट जास्त साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. लीक बंद करणारं बाटलीतलं औषधही नको, त्याने हीटरच्या नळ्या तुंबतात. आणि नवी गॅस्केट घालताना ईजीआर साफ केला नाही, तर हाच खर्च पुन्हा दारात.

कूलंट थेंबभरही कमी होत नसेल तर मॅनिफोल्ड उतरवून आत तेल साचलंय का बघा. त्यानेही सकाळी असंच हादरतं आणि ते काम बरंच स्वस्तात होतं.

प्रश्न: आमच्या टोयोटा हायब्रिडचं इंजिन गॅरेजमध्ये चालूच राहत नाही, मेकॅनिक ऐकणार काय? (मांजलपूर)

त्यासाठी मेंटेनन्स मोड आहे. ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबून डॅश उजळवा. मग मिनिटाच्या आत: पी (पार्क) मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दोनदा दाबा, एन (न्यूट्रल) मध्ये दोनदा, परत पी मध्ये दोनदा. आता ब्रेक दाबून पॉवर बटणाने गाडी ‘रेडी’, म्हणजे निघायला तयार, करा. इंजिन बंद न पडता सुमारे हजार आरपीएमवर चालत राहतं. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही. बटणाने बंद केली की मोड जातो.

एरवी बॉनेट उघडं असताना गाडी रेडीवर ठेवू नका. इंजिन कधीही आपोआप सुरू होतं. बोटं आपली आहेत. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला तर शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

प्रश्न: २००९ ची सिव्हिक हायब्रिड. पावागडला माचीच्या चढावर झटके देते, सपाटीवर ठीक. प्लग नवे आहेत. स्कॅनरला काही सापडत नाही. (कारेलीबाग)

किती प्लग नवे? या इंजिनात सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग आणि आठ कॉइल असतात. मागच्या चारांपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून पुढचे चार बदलून बिल करणारे भेटतात. बिलावरचा आकडा बघा. एका सिलिंडरमधली एक ठिणगी गेली तरी दुसरी काम भागवते. चढावर जोर लागला की तिची दमछाक होते.

पण झटका बसताना डॅशवर असिस्टच्या (मोटरच्या मदतीच्या) रेघा एकदम पडून चार्जच्या वाढतात का, हे शेजारी बसणाऱ्याला बघायला सांगा. तसं असेल तर ते मिसिंगच नव्हे. हायब्रिड बॅटरी दमली की मोटर मदत सोडते आणि उलट इंजिनाकडूनच चार्जिंग मागते. बसणाऱ्याला ते मिसिंगच वाटतं.

स्कॅनरबद्दल: पेंडिंग कोडही, म्हणजे नोंद झाली पण दिवा अजून लागला नाही असे बिघाडही, वाचायला लावा. आणि गॅरेजात जाण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ करू नका. बिघाड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि लोड संगणक जपून ठेवतो. नेमकं तेच पुसलं जातं आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

प्रश्न: २०२४ च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या कॅमरी हायब्रिडच्या फ्लोअरपर्यंत आलं होतं. तेव्हापासून दमट हवेत मिसिंग. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०३०२. (समा)

०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. दोन नंबरची कॉइल चारवर आणि चारची दोनवर लावा, बाकी कशाला हात लावू नका. कोड ०३०४ झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर तसंच प्लगचं करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काय कशाने झालं ते कळत नाही.

दोन्ही निर्दोष निघाले तर वायरिंगकडे वळा. पुरात भिजलेल्या गाडीत पिनांवर हिरवी कीड आणि अर्थिंगच्या बोल्टखाली गंज सापडतो. मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कॉइलचा आणि इंजेक्टरचा कनेक्टर हलकेच हलवून बघायला सांगा. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा. पूर ओसरल्यावर बॉनेटखाली त्यांचा मुक्काम असतो. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं नसेल तर उचला, खाली अजून ओल असेल.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र जोर न देता बाजूला थांबवा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो सगळ्यात महाग पडतो.

प्रश्न: माइल्ड हायब्रिडला बाहेरून सीएनजी किट बसवलं. पेट्रोलवर मस्त, गॅसवर मधूनच मिसिंग. (वाघोडिया रोड)

गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर उघडे पडतात. प्लगची फट तपासा, किट बसवणाऱ्याने सांगितलेल्या मापाची ठेवा. मग त्याच्याकडूनच ट्यूनिंग आणि गॅसचा फिल्टर बघून घ्या. पेट्रोलचे इंजेक्टर कुणी साफ करायला निघालं तर नाही म्हणा.